तेवीस ते सदतीस

बसस्थानकावर सत्तावीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्यामुळे गल्लीत त्यांना सगळे फलाटबाई म्हणत. आधी त्यांना या नावाचा राग यायचा, पुढे सवय झाली, आणि निवृत्तीनंतर तर कुणी खऱ्या नावाने हाक मारली की त्याच इकडेतिकडे बघायच्या, हे कोणाला बोलावतायत म्हणून. आवाज असा खणखणीत, की त्या स्वयंपाकघरातून नुसतं "चहा झालाय" म्हणाल्या तरी ऐकणाऱ्याने पिशवी उचलून उभं राहावं.

"अगं, मी फलाटावर उभा नाहीये, शेजारच्या खुर्चीत बसलोय," असं त्यांचे यजमान वर्षानुवर्षं सांगत आले होते. यजमानांचा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला, म्हणून गल्लीत ते लिफ्टवाले. तेही आता घरीच होते, पण कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचे, मग ज्याच्याकडे आलोय त्याची चौकशी करायचे.

निवृत्त झाल्यावर बाईंना घर खायला उठलं. सहा महिने असे काढल्यावर अंध वाचनालयाच्या ग्रंथपालांनी त्यांना गाठलं. "तुमचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचाल का?" बाई एका पायावर तयार झाल्या. घरातली अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, आणि यजमानांनी दाराच्या फटीला लिफ्टच्या दाराचं रबर बसवून दिलं. आत एक टेबल, मायक्रोफोन, कॉम्प्युटर आणि पाण्याचा तांब्या. दार लागलं की बाहेरच्या जगाशी संबंध संपला. चार वर्षांत बाईंनी त्या खोलीत एकवीस पुस्तकं वाचली.

बाविसावं पुस्तक मात्र उशाला घेऊन झोपावं एवढं जाड होतं. करारांचा कायदा, दोन खंड, चव्वेचाळीस प्रकरणं. ते हवं होतं कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण जिभेला धार अशी होती की लिफ्टवाल्यांनी पहिल्याच भेटीत तिचं नाव 'वकीलसाहेब' ठेवलं. ती बाईंना मावशी म्हणायची आणि त्यांचं वाचन दुप्पट वेगाने ऐकायची.

"दुप्पट वेगाने कळतं तरी का गं?" बाईंनी विचारलं होतं.

"मावशी, तुम्ही इतकं स्पष्ट वाचता की साध्या वेगाने ऐकलं तर मधल्या जागेत मला झोप लागते."

पहिला खंड, म्हणजे बावीस प्रकरणं, तिच्या हाती पडला होता. दुसऱ्या खंडातलं तेवीसपासून सदतीसपर्यंत वाचून झालं होतं. उरली होती सात प्रकरणं, आणि परीक्षेला उरले होते एकोणीस दिवस. सगळं कसं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं.

आणि मंगळवारी अडतिसाव्या प्रकरणाच्या चौथ्या पानावर बाई आल्या असताना पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ थबकली. एक खिडकी उघडली, 'ठिकाण सापडत नाही'. बाई फोल्डर बघायला गेल्या तर ज्या हार्ड डिस्कवर सगळं वाचन साठवलेलं होतं ती डिस्कच यादीत नव्हती. जणू घरातल्या कपाटाजवळ गेलो आणि तिथे नुसती भिंत.

बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मनाशी शंभर आकडे मोजले, चालू केला. डिस्क आपली जागच्या जागी! प्रकरणंही सगळी होती. बाईंनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. पाव तासाने कॉम्प्युटरच्या पेटीतून 'कट्' असा आवाज आला आणि डिस्क पुन्हा गडप.

आता बाई काही अगदीच बेसावध नव्हत्या. त्याच पेटीत दुसरी डिस्क होती, खास नक्कल ठेवायला. ती त्यांच्या धाकट्या दिराने गेल्या वर्षी दिली होती. भाऊजी दुसऱ्या शहरात एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचे, त्यांच्या कचेरीने काढून टाकलेली डिस्क त्यांनी स्वतः येऊन बसवून दिली होती. पण बाई नक्कल करायच्या ती खंड पुरा झाल्यावर. म्हणजे तिच्यावर बावीसच प्रकरणं होती. आता ताबडतोब बाकीची करून ठेवू म्हणून त्यांनी नक्कल सुरू केली, तर दोन फाइली गेल्या न गेल्या तोच दुसरी डिस्कही गायब झाली.

संध्याकाळी त्यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजींनी शांतपणे एक तपासणीचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला आणि त्यातले आकडे वाचायला सांगितले. बाईंनी ते सगळे बसच्या क्रमांकासारखे ठणकावून वाचले.

"वहिनी, दोन्ही डिस्क ठणठणीत दिसतायत," भाऊजी म्हणाले. "फक्त अचानक वीज तुटल्याची नोंद भलतीच आहे, एकसष्ट वेळा. मला वायरीचा संशय येतोय. पेटी उघडून जरा बघता का?"

बाईंचं डोकं आधीच तापलं होतं. "भाऊजी, डिस्क माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी होते आणि तुम्ही म्हणता ठणठणीत? तुमची जुनी डिस्क घातल्यापासूनच हे दुखणं आलंय. एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो. आता तुमच्या डिस्कवर बोट येऊ नये म्हणून वायरीवर ढकलताय."

मग भाऊजी "बरं वहिनी," एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवला.

लिफ्टवाले दारात उभे होते. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तशी बाई कडाडल्या, "तुम्ही तर मधे पडूच नका!" याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी कीबोर्डची बटणं घट्ट झाली म्हणून यजमानांनी त्यात लिफ्टच्या रुळांना मारायचं तेल फवारलं होतं. बटणं सैल झाली, इतकी की एक दाबलं की तीन उमटायची. तेव्हापासून त्यांना त्या खोलीत प्रवेश होता तो फक्त पाण्याचा तांब्या भरून ठेवण्यापुरता. ते गुपचूप मागे फिरले.

गुरुवारी दोघांनी पेटी रिक्षात घालून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. दुकान एवढंसं, आणि काउंटरपुढे पाच माणसं. दुरुस्तीवाला तिशीतला, कपाळावर दिव्याचा पट्टा बांधलेला, बोलायला गोड पण घाईत. त्याने पेटी उघडली, चालू केली, डिस्कवरच्या फाइली दुसरीकडे उतरवायला घेतल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वीसेक मिनिटांत त्याच्यासमोरच 'कट्' झालं.

"ऐकलंत? हा आवाज आला की समजायचं, संपलं," तो म्हणाला. "ही गेली, बाई. दुसरीही त्याच वाटेवर आहे. हिच्या जागी नवीन टाकून देतो, दुसरीवरचं जे निघेल ते तिच्यावर घेतो."

"आणि या गेलेलीवरचं?"

"मोठ्या शहरात एक प्रयोगशाळा आहे, ते काढतात कधीकधी. दोन महिने धरून चाला."

दोन महिन्यांनी परीक्षा होऊन निकालही लागला असता. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली, पहिली बावीस प्रकरणं दुसऱ्या प्रयत्नात तिच्यावर घेतली. निघताना त्याने विचारलं, "जुनी नेणार की इथेच टाकू? आम्ही भंगारात देण्याआधी ड्रिलने भोक पाडतो. उगीच लोकांचे फोटो, कागद भलत्याच्या हाती नको जायला. दर मंगळवारी भंगारवाला येतो."

"पाडा भोक," बाई म्हणाल्या. "मेलीचं तोंड बघायचं नाही मला." आणि मागे न बघता दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

घरी आल्यावर त्यांनी वकीलसाहेबांना फोन केला. अशी बातमी सांगणं त्यांना घोषणेतही कधी जमलं नव्हतं आणि आताही जमेना. गाडी रद्द झाल्याचं सांगताना त्यांचा आवाज नेहमी अर्ध्या पट्टीने उतरायचा. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, पंधरा प्रकरणं पुन्हा वाचणार तुम्ही? घसा आहे की भोंगा?" ती म्हणाली. हसण्याचा प्रयत्न होता. "जेवढं होईल तेवढं द्या. बाकीचं मी कोणाला तरी समोर बसवून वाचून घेईन."

कोणाला बसवणार होती ती? वर्गातली सगळी स्वतःच्याच अभ्यासात बुडालेली. हे बाईंनाही माहीत होतं.

शुक्रवारपासून बाईंनी कंबर कसली. सकाळी सातला आत, दुपारी जेवायला बाहेर, पुन्हा आत. रविवारी घसा बसला. लिफ्टवाल्यांनी कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, गळ्याला मफलर असा सगळा सरंजाम केला. सोमवारी दुपारपर्यंत तेवीस आणि चोवीस कशीबशी हाती आली, त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर लावून पंचविसाव्याला सुरुवात केली, आणि थोडा वेळ होतो न होतो तोच 'कट्'.

नवी डिस्क. चार दिवसांची. गडप.

बाई खोलीचं दार उघडून बाहेर आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. ओरडायला आवाज नव्हता, रडायलाही नव्हता. लिफ्टवाले पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पेपर घडी करून ठेवला.

"नवीही?"

बाईंनी मान हलवली.

"मी बोलू का आता?"

बाईंनी हाताने 'बोला' अशी खूण केली. लिफ्टवाले खुर्ची ओढून समोर बसले.

"मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही. पण एका इमारतीत दोन लिफ्ट एकाच आठवड्यात बंद पडल्या तर मी लिफ्टकडे बघायचोच नाही. दोघींना मिळून जे एक आहे ते बघायचो. लाइन, फ्यूज, काहीतरी. इथे तर तीन झाल्या. तीन डिस्क एकदम कशा मरतील? साथ आलीय का?"

बाईंनी गळ्याचा मफलर सोडून बाजूला ठेवला.

"आणखी एक. चालू केल्यावर किती वेळाने जाते?"

"असेल वीसेक मिनिटं," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. बोलता बोलता त्याच थांबल्या. मंगळवारी पहिल्यांदा गेली ती बऱ्याच वेळाने, पण तेव्हा एकच डिस्क चालत होती. नवीही एकटी होती तोवर चालली, नक्कल लावली आणि गेली. बंद करून लगेच लावली तेव्हा पाव तासातच गेली. दुरुस्तीवाल्याकडे वीस मिनिटं.

"म्हणजे गरम झालं की सोडतं, गार झालं की धरतं," लिफ्टवाले म्हणाले. "हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. येऊ का आत?"

दोन वर्षांनी त्यांना त्या खोलीत रीतसर प्रवेश मिळाला. येताना त्यांनी बॅटरी, पेचकस आणि खिशातली वही आणली. बाई हळूच म्हणाल्या, "तेलाचा डबा?"

"नाही आणलेला. झडती घे हवी तर."

पेटीची बाजू काढून लिफ्टवाल्यांनी बॅटरी मारली आणि हात न लावता कितीतरी वेळ नुसतं बघत बसले. मग म्हणाले, "ही बघ. वीज देणारी वायर एकच येते आणि या जोडापाशी तिच्या दोन होतात. एक फाटा या डिस्कला, एक त्या डिस्कला." दोन्ही डिस्क चालू ठेवून त्यांनी बाईंना एकीवरून दुसरीवर मोठी नक्कल लावायला सांगितलं, वहीत वेळ लिहिली, आणि अठराव्या मिनिटाला तो जोड दोन बोटांत धरला. लगेच बोटं मागे घेतली.

"लाव हात. हळूच."

बाईंनी लावला. चहाच्या कपासारखा गरम. तेविसाव्या मिनिटाला 'कट्' झालं.

बंद करून, गार होऊ देऊन लिफ्टवाल्यांनी तो जोड सोडवला. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी पडला होता आणि आतली एक पिन करपून काळी झालेली होती. डिस्कमध्ये काही नव्हतंच. तिला वीजच पोचत नव्हती. बिचारी चालता चालता उपाशी पडत होती आणि पडताना 'कट्' म्हणत होती.

"दुसरी वायर कुठून आणायची आता? बाजार तर बंद झाला असेल," बाई म्हणाल्या.

लिफ्टवाले बॅटरी घेऊन पेटीच्या पार तळाशी वाकले आणि खो खो हसायला लागले. तिथे वीजपुरवठ्याच्या डब्यातून निघालेली एक आख्खी वायर, वापराविना, चिकटपट्टीने बांधून कोपऱ्यात कोंबलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी ती सोडली आणि नवी डिस्क तिच्यावर लावली. अर्धा तास गेला. तास गेला. दोन तास झाले, डिस्क जागची हलली नाही.

"झालं तर!" बाई म्हणाल्या.

"थांब." लिफ्टवाल्यांनी सगळं बंद करून डिस्क पुन्हा करपलेल्या जोडावर लावली. "बिघाड गेला म्हणून भागत नाही. हवा तेव्हा परत आणता आला, तरच तो सापडला म्हणायचं." चोविसाव्या मिनिटाला 'कट्' झालं. त्यांनी वहीत ते लिहिलं, खाली रेघ मारली आणि ती वायर कायमची काढून टाकली.

बाई मात्र आता भलत्याच विचारात होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, म्हणजे ती जुनी... ती पण चांगलीच असेल."

"असेलच."

"तेवीस ते सदतीस तिच्यावर आहेत. आणि उद्या मंगळवार."

दुकान तेव्हा बंद झालेलं होतं. बाईंनी पाटीवरच्या क्रमांकावर फोन केला, तो वाजून वाजून थांबला. सकाळी नऊपासून पुन्हा सहा वेळा केला. कोणी उचलेना. साडेनऊला दोघं स्कूटरवर बसली. लिफ्टवाले आयुष्यभर जपून स्कूटर चालवणारे. त्या दिवशी बाई मागून खांद्यावर बोटांनी ताल धरत होत्या आणि ते चक्क दोन गाड्यांच्या मधून काढत होते.

दुकानापाशी पोचली तर भंगारवाल्याचा टेम्पो बाहेर उभा होता आणि आतून ड्रिलची घरघर ऐकू येत होती. बाई पायऱ्या चढल्या. दुरुस्तीवाला खाली बसून, लाकडी फळीवर एक डिस्क धरून भोक पाडत होता. बाजूच्या टोपलीत भोकं पडलेल्या दहा-बारा डिस्क होत्या. ड्रिलच्या आवाजात त्याला फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"थांबा!" बाई ओरडल्या. दोन दिवस बसलेल्या घशातून कुठून आला कोण जाणे, पण सत्तावीस वर्षांचा फलाटाचा आवाज निघाला. दुरुस्तीवाल्याच्या हातातलं ड्रिल थांबलं. बाहेर टेम्पोवालाही आपल्यालाच म्हटलं समजून खाली उतरला.

"माझी डिस्क. गुरुवारची. पाडलंत का भोक?"

दुरुस्तीवाल्याने हातातल्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. तेवढ्या वेळात बाईंच्या डोळ्यांपुढून पंधराच्या पंधरा प्रकरणं गेली. मग तो उठला, काउंटरमागे गेला आणि ड्रॉवर उघडून एक डिस्क बाहेर काढली. वर चिकटपट्टी होती, 'पुस्तकवाल्या बाई'.

"नाही पाडलं," तो जरा ओशाळून म्हणाला. "तुम्ही ज्या चेहऱ्याने गेलात ना, तो बघून हात उचलेना. म्हटलं एखादा आठवडा राहू दे."

बाई तिथल्या स्टुलावर मटकन बसल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. पण अजून तो अर्धाच पडला होता, कारण डिस्क खरंच चालते का ते कुठे कळलं होतं?

लिफ्टवाल्यांनी खिशातून करपलेली वायर काढून काउंटरवर ठेवली. दुरुस्तीवाल्याने ती उचलली, दिव्याखाली धरली, पिनेवरून नख फिरवलं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी डिस्क बाहेर काढून लावून बघितलीच नाही," तो म्हणाला. "तुमच्याच पेटीत, तुमच्याच वायरीवर तपासली. समोर गर्दी होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी."

"दिली नाहीत अजून," लिफ्टवाले म्हणाले. "आता लावा बाहेर."

त्याने दुकानाच्या टेबलावर स्वतःच्या वायरींनी डिस्क जोडली. ती हलकेच गुणगुणायला लागली. पडद्यावर फोल्डर उघडला. तेवीस, चोवीस, पंचवीस... बाई बोटाने मोजत सदतीसपर्यंत गेल्या. सगळी होती.

"आधी उतरवून घेऊ. नाचायचं नंतर," दुरुस्तीवाला म्हणाला, आणि त्याने दोन वेगवेगळ्या ठिकाणी नकला लावल्या. टेम्पोवाल्याला थोपवलं, आलेल्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं. पट्टी पुढे सरकत होती. वीस मिनिटं झाली. बाईंनी नकळत श्वास धरला. एकवीस, तेवीस, पंचवीस. काहीच झालं नाही. चाळिसाव्या मिनिटाला पट्टी शेवटाला पोचली.

एकतिसाव्यातली एक फाइल तेवढी मधेच तुटलेली निघाली. नेमकी वीज गेली तेव्हा ती उघडी असावी. तीन पानांचं वाचन गेलं होतं. पंधरा प्रकरणांतली तीन पानं! बाई म्हणाल्या, "तीन पानं मी उभ्याउभ्या वाचीन." आणि घसा बसलेला असूनही दुकानात मोठ्याने हसल्या. दुरुस्तीवाला कुठून तरी तीन कप चहा घेऊन आला, टेम्पोवाल्याने चौथा मागितला.

संध्याकाळपर्यंत तेवीस ते सदतीस वकीलसाहेबांच्या हाती पडली होती. परीक्षेला बारा दिवस होते. मुलीने "आता कसं मावशी!" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला, कारण तिला लगेच ऐकायला बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आणखी एक फोन केला. हा करायला त्यांना चहाचे दोन कप लागले.

"भाऊजी, मी चुकले."

"काय झालं वहिनी?"

बाईंनी सगळं सांगितलं. वायर, करपलेली पिन, दुकान, ड्रिल. "तुम्ही पहिल्याच दिवशी वायर म्हणाला होतात. मी तुमच्यावर नाही नाही ते बोलले."

भाऊजींनी विचारलं, "वायर कुठली? पांढऱ्या तोंडाची? एकीच्या दोन होतात ती?"

"तीच."

पलीकडून असा काही सुस्कारा आला की बाई घाबरल्या. "वहिनी, ती वायर माझीच. डिस्कबरोबर मीच आणली होती, आमच्या कचेरीतल्या खोक्यातून. म्हणजे डिस्क चांगली होती आणि वायर माझी वाईट होती."

मग दोघंही एकदम हसायला लागली. लिफ्टवाले आतून ओरडले, "त्याला सांग, पेटीत मोकळी वायर होती! आंधळ्यासारखा बसवून गेला!"

"आंधळ्यासारखा म्हणू नका हो," बाई तिकडे तोंड करून म्हणाल्या. "आमच्या वकीलसाहेब असत्या तर त्यांनी चाचपून लगेच काढली असती."

भाऊजी म्हणाले, येत्या सुट्टीत येतो, पेटी एकदा नीट साफ करतो आणि नक्कल आपोआप होईल असं करून देतो. बाई म्हणाल्या, या, पण वायर घेऊन येऊ नका.

उरलेली सात प्रकरणं बाईंनी घसा सांभाळत, रोज एक या हिशेबाने वाचली. आता प्रत्येक प्रकरण झालं की लगेच दोन नकला, आणि एक वाचनालयात. डिस्क एकदाही हलल्या नाहीत. दुरुस्तीवाल्याने परत दिलेली जुनी डिस्कही पेटीत बसली होती. बाईंनी तिच्यावरची 'पुस्तकवाल्या बाई' ही चिठ्ठी तशीच राहू दिली.

परीक्षेच्या तीन दिवस आधी दुपारी फोन वाजला.

"मावशी, एक शंका आहे. चौतिसाव्या प्रकरणात," वकीलसाहेब गंभीर आवाजात म्हणाल्या.

"काय गं? तुटलंय का?"

"तुटलेलं नाही. करारभंगाची नुकसानभरपाई चाललीय. आणि मधेच तुमचा आवाज येतो, 'अहो, गॅस बंद केलात का?' मग लांबून काकांचा, 'कधीचाच!' आणि मग पुन्हा नुकसानभरपाई."

बाईंनी कपाळावर हात मारला. त्या दिवशी दार नीट लागलं नसावं, आणि तो तुकडा कापायचा राहून गेला होता. "अगं, काढून टाकते मी. नवी फाइल देते लगेच."

"काढू नका हो. मला फक्त विचारायचं होतं, ते परीक्षेला आहे का?"

बाई इतक्या हसल्या की लिफ्टवाले काय झालं बघायला आले. त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "तिला म्हणावं, साक्षीदार म्हणून मला बोलाव. गॅस खरंच बंद होता."